दख्खनी लोंकर आणि तिचीं घराणीं

मराठी भाषेंत ‘विणणें’ हें क्रियापद मोठें उदार आहे. कोष्टी लुगडें विणतो, बुरूड सूप विणतो, अंगणांत बाज विणली जाते, भिंतीच्या कोपऱ्यांत कोळी जाळें विणतो, आणि घरांतील आजी नातवासाठीं लोंकरीची कुंची विणते. पुष्कळ भाषांत मागावरच्या विणण्याला एक शब्द आणि सुयांवरच्या विणण्याला दुसरा शब्द असतो. मराठीनें हा भेद कधीं केला नाहीं. शब्द एकच असल्यामुळें एक समजूत मात्र सहज होऊन बसते. शहरांतील गृहिणीच्या टोपलींत जो लोंकरीचा गुंडा असतो, तो गांवाकडच्या धनगराच्या मेंढीच्या अंगावरूनच आलेला असतो, अशी ती समजूत. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. पुणें शहरापासून दोन तासांच्या वाटेवर, दौंड आणि शिरूर या तालुक्यांत, मेंढ्यांचे कळप चरत असतात. पण त्यांच्या लोंकरीचा एक टाकाहि शहरांतल्या स्वेटरांत सांपडत नाहीं. असें कां व्हावें, आणि त्या लोंकरीचें आजवर होत काय आलें, याचा शोध घेतला तर हातांच्या एका मोठ्या परंपरेची ओळख होते.

लोंकर म्हणजे केंसच, परंतु केंसाहून कांहीं बाबतींत निराळा. तिचा प्रत्येक तंतु केराटिन नांवाच्या द्रव्याचा असतो व त्याच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. चांगल्या लोंकरीचा तंतु सरळ नसतो; त्याला जन्मतःच बारीक लाटा असतात. या लाटांमुळें तंतूंमध्यें हवा अडकते, आणि लोंकरीची ऊब म्हणून आपण जिला ओळखतों ती मुख्यतः या कोंडलेल्या हवेची असते. तंतूची जाडी मायक्रॉनमध्यें मोजतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतु वीस मायक्रॉनच्या आसपास असतो. तंतु तिसांच्या पुढें गेला कीं तो कातडीला टोंचूं लागतो. दख्खनच्या पठारावरील मेंढीचा तंतु चाळिसांच्याहि पुढें जातो, आणि त्यांत मधून मधून आंतून पोकळ, ताठ असे राठ केंस मिसळलेले असतात.

सुयांवरच्या विणकामाची सारी करामत फांसांत आहे. सुलट टाका असो वा उलट टाका, धाग्याला प्रत्येक वेळीं वळावें लागतें, आणि वळून पुन्हा सरळ होण्याची ओढ त्याच्या अंगीं असावी लागते. म्हणून विणलेला मोजा ताणला तरी पुन्हा पायाला बसतो. दख्खनी लोंकरीचा तंतु आंखूड आणि ताठ. तो फांसांत वळत नाहीं, वळविला तर टोंकें बाहेर काढतो, आणि ओढला तर सुटून येतो. तिची कुंची केली तर मूल रात्रभर रडेल. परंतु याच अवगुणांचे मागावर गुण होतात. मागावर धागा ताणून धरावयाचा असतो, वळवावयाचा नसतो; तेथें ताठपणा उपयोगी पडतो. राठ केंस झिजत नाहीं, दबत नाहीं, आणि त्यावर पडलेलें पावसाचें पाणी आंत शिरण्यापूर्वीं घरंगळून जातें. दख्खनी लोंकर हलकी आहे असें म्हणण्याची व्यापाऱ्यांची पद्धत आहे. ती हलकी नाहीं. ती दुसऱ्या कापडासाठीं घडलेली आहे, आणि त्या कापडाचें नांव घोंगडी.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघून यवत किंवा केडगांवपासून उत्तरेस वळलें, आणि मुळा-मुठेचें पात्र ओलांडलें, कीं राहूचें बेट लागतें. ‘बेट’ म्हणावयाचें, पण चारी बाजूंनीं पाणी नाहीं. दक्षिणेस मुळा-मुठा, उत्तरेस भीमा, आणि खालच्या अंगास दोहींचा संगम, असा हा दुआब आहे. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका सुरू होतो. आज राहू म्हटलें कीं ऊस आणि गुऱ्हाळें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण नद्यांचें आणि कालव्यांचें पाणी जेथवर पोंचत नाहीं तेथला दौंड-शिरूरचा मुलूख हा मूळचा अवर्षणाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथें येईतों थकून जातो. वर्षाकांठीं पांचशे मिलिमीटरच्या आसपास काय तो पडतो. उथळ मुरमाड जमीन, खुरटें गवत, बाभळी, बोरी, आणि दूरवर पसरलेले माळ. असा माळ गाईला पोसत नाहीं, मेंढीला पोसतो.

येथली मेंढी ‘दख्खनी’ या नांवानें ओळखली जाते. अंगानें लहान, बहुधा काळी किंवा काळ्यापांढऱ्या मिश्र रंगाची, चालण्यांत चिवट. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही प्रांतांच्या कोरड्या पट्ट्यांत हीच जात पसरली आहे. एका मेंढीपासून वर्षाकांठीं अर्धा ते पाऊण किलो लोंकर मिळते, म्हणजे मेरिनोच्या मानानें अगदींच थोडी. मेंढीचा धनी तो धनगर. या समाजाचा इतिहास सांगतांना होळकरांचें नांव प्रथम येतें, आणि तें योग्यच आहे. पण मल्हारराव आणि अहिल्याबाई यांच्या पलीकडे या लोकांचें जें रोजचें कौशल्य आहे त्याकडे शहराचें लक्ष क्वचित् जातें. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनीं तें लक्ष दिलें. धनगरांबरोबर राहून त्यांनीं त्यांच्या ओव्या व कथा जमविल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवतांवरील आपला ग्रंथ १९७६ मध्यें प्रसिद्ध केला. त्या ओव्यांच्या जगांत मेंढ्या वारुळांतून बाहेर पडलेल्या आहेत. जेजुरीच्या खंडोबाची कथा तर दौंड-पुरंदरच्या घरोघरीं ठाऊक आहे. बाणाई धनगरीणीसाठीं देव तिच्या घरीं चाकर म्हणून राहिला. मेंढ्या धुवावयास सांगितल्या तर त्यानें त्या खडकावर आपटून मारल्या, आणि बाणाईनें लग्नाचा शब्द दिला तेव्हां पुन्हा जिवंत केल्या. मेंढ्या धुणें ही लोंकर कातरण्यापूर्वींची पहिली पायरी आहे हें ध्यानांत घेतलें, म्हणजे ही कथा रचणाऱ्यांनीं आपल्या धंद्यांतलें नेमकें काम देवाच्या हातीं दिलें होतें हें कळतें.

कातरणी वर्षांतून दोनदां होते. एकदां पावसाळा सरतां सरतां आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर. नदीच्या किंवा ओढ्याच्या डोहांत मेंढ्या घालून धुतात, अंग वाळलें कीं पाय धरून आडव्या पाडतात, आणि लांब पात्यांच्या कातरीनें लोंकर उतरवितात. कातरी कातडीला लागूं न देतां सबंध अंग मोकळें करणें हें कसब आहे. येथेंच लोंकरीची पहिली प्रतवारी होते. काळी निराळी, करडी निराळी, पांढरी निराळी. दख्खनी घोंगडी बहुधा रंगवीत नाहींत, मेंढीनें दिलेले रंग हेच तिचे रंग. आणि सर्वांत निराळी ठेवतात ती कोंकराची पहिली लोंकर. तिला ‘जावळ’ म्हणतात. माणसाच्या मुलाच्या पहिल्या केंसांना जो शब्द, तोच कोंकराच्या पहिल्या लोंकरीला. ही लोंकर मऊ व तलम असते, कारण तिचें एक टोंक कधीं कापलेलें नसतें. जावळाच्या घोंगडीला मान मोठा आणि किंमतहि मोठी.

लोंकर उतरली कीं ती धनगराच्या हातून सुटूं लागते, आणि येथून पुढें तीन घरांची सांखळी सुरू होते. मेंढी पाळणारा एक, सूत काढणारी दुसरी, माग चालविणारा तिसरा. कधीं हीं तिन्हीं माणसें एका कुटुंबांत असतात, कधीं तीन निरनिराळ्या घरांत. धनगरांमध्येंच खुटेकर म्हणून एक शाखा आहे. तिचें काम घोंगडी विणण्याचें. ताणा लावतांना खुंट्या पुराव्या लागतात, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. दुसरी विणणारी जात सणगरांची. पुणें जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटिअर १८८५ सालीं निघालें, त्यांत जिल्ह्यांतील कारागीर जातींच्या यादींत सणगर हे लोंकर विणणारे म्हणून नोंदले आहेत. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या भागांत त्यांची वस्ती अधिक. दौंड-शिरूरचा बाजार या सर्व मुलुखाशीं जोडलेला होता.

सुताचें काम स्त्रियांचें. लोंकर प्रथम हातानें मोकळी करावयाची, कांटे-कुसळें वेंचून काढावयाचीं, मग धनुकलीवर पिंजावयाची, पिंजलेल्या लोंकरीचे पेळू करावयाचे, आणि ते रहाटावर कातावयाचे. ताण्याच्या सुताला पीळ अधिक, बाण्याच्या सुताला कमी. पीळ कमी पडला तर ताणा मागावर तुटतो. जास्त पडला तर घोंगडी पत्र्यासारखी होते. हा पीळ मोजण्याचें कोणतेंहि साधन कांतणारीपाशीं नसतें. तो अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें कळावा लागतो, आणि सासूच्या शेजारीं बसून सून तो शिकते. एका मागाला पुरेल इतकें सूत काढावयास एकीचे हात पुरत नाहींत. तीनचार जणी कांताव्या तेव्हां एक विणकर अडून बसत नाहीं. तथापि घोंगडीची किंमत ठरतांना विणकराची मजुरी मोजली जाई, लोंकरीचा दाम मोजला जाई, आणि कांतणें हें घरकामांत जमा होई. दळण-कांडणाप्रमाणें तें बाईनें करावयाचेंच. घोंगडी शतकानुशतकें स्वस्त राहिली ती या न मोजलेल्या तासांवर, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण पुढें ती सांखळी तुटली तेव्हां याच दुव्याला तुटली.

सूत तयार झालें म्हणजे गल्लींत किंवा देवळापुढच्या मोकळ्या जागेंत खुंट्या ठोकून ताणा पसरतात. त्याला खळ द्यावयाची असते. ही खळ चिंचोक्यांची. चिंचोके भिजवून त्यांचीं सालें काढतात, गर वाटतात आणि पाण्यांत शिजवून लापशीसारखा करतात. ताण्यावर ती खळ पसरून कुंच्यानें एका दिशेनें फिरवीत नेतात. त्यामुळें सुतावर उभे राहिलेले केंस चिकटून बसतात आणि धागा तारेसारखा होतो. यासाठीं कडक ऊन लागतें. म्हणून पावसाळ्यांत माग बहुधा थांबलेला असतो, आणि घोंगडीची खरी गरज ज्या ऋतूंत, त्याच ऋतूंत ती विणतां येत नाहीं. आधींच विणून ठेवावी लागते.

माग म्हणजे फार मोठी यंत्रणा नव्हे. घराच्या जमिनींत एक खड्डा, त्यांत पाय सोडून विणकर बसलेला, समोर ताणा, आणि बाणा ठोकून बसविण्यासाठीं लांकडी पातें. मागाची रुंदी बेताची असल्यामुळें पुष्कळ घोंगडी दोन पट्टे विणून मध्यें शिवलेल्या असतात. लांबी-रुंदी हातांनीं मोजतात. कांठाला पांढऱ्या किंवा करड्या रेघा. या रेघा किती, कोणत्या अंतरावर आणि कोणत्या क्रमानें घालावयाच्या, हें घराघराचें आपापलें वळण असतें. खड्डा जमिनींत असल्यामुळें माग दुसरीकडे नेतां येत नाहीं. घर विकलें तर माग गेला. बापाच्या खड्ड्यांत मुलगा बसतो, या वाक्याचा विणकराच्या घरीं अर्थ अगदीं शब्दशः होता. एका घोंगडीला दोन-तीन किलो सूत लागतें, म्हणजे चार-पांच मेंढ्यांची सबंध वर्षाची लोंकर. हा हिशेब पाहिला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं एक घोंगडी वीस वर्षें कां वापरली जाई हें समजतें.

तिचे उपयोग तरी किती सांगावे! पावसांत उभ्या घडीनें डोक्यावरून घेतली कीं खोळ झाली. लोंकरीच्या अंगचा नैसर्गिक मेद आणि दाट वीण यांमुळें पाऊस बराच वेळ बाहेर राहतो. शिवाय लोंकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषूनहि हाताला कोरडी लागते, आणि ती ओल शोषतांना थोडी उष्णता बाहेर टाकते. रात्रभर भिजत उभ्या राहिलेल्या मेंढक्याला ती थोडी ऊबहि फार असते. मात्र एकदां ती पुरी भिजली कीं पाण्यानें जड होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाहीं. एखादें प्रकरण निकालावांचून लोंबत राहिलें म्हणजे ‘भिजत घोंगडें’ पडलें असें आपण म्हणतों, तें याच अनुभवावरून. ज्या वकिलाच्या तोंडीं हा शब्द रोज असतो त्यानें ओलें घोंगडें उचलून पाहिलें असेलच असें नाहीं.

माळावर ती अंथरूण, गांवच्या पंचांची ती बैठक, धान्य वाळविण्याचें ती पसरणें, लेकराची ती झोळी. घटस्थापनेला, पोथीच्या पारायणाला, जागरणाला घोंगडीचें आसन लागतें. कोल्हापूर जिल्ह्यांत पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते. तेथें भंडारा आणि खारीक-खोबऱ्याबरोबर लोंकरहि उधळतात. हल्लीं घोंगडीच्या जाहिरातींत सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सर्व रोगांची नांवें येऊं लागलीं आहेत. उबेनें दुखऱ्या अंगाला आराम पडतो हें खरें. त्यापुढचें पुष्कळसें विक्रेत्याचें काव्य आहे. घोंगडीला अशा आधाराची गरज नाहीं.

लष्कराशींहि तिचा संबंध जुना आहे. दख्खनी कांबळें इंग्रजांच्या पलटणींत इतकें रुळलें होतें कीं ‘कंबली’ हा शब्दच त्यांनीं आपल्या भाषेंत घेतला, आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत त्याला जागा मिळाली.

आतां सुयांकडे वळावें. सुयांवरचें विणकाम ही जगांतली तशी नवी कला. मागाच्या मानानें तर कालचीच. इजिप्तमध्यें मिळालेले सुमारें हजार वर्षांपूर्वींचे सुती पायमोजे हे तिच्या जुन्या नमुन्यांपैकीं आहेत. ती युरोपांत गेली, थंड देशांत लोंकरीशीं तिची जोडी जमली, आणि एकोणिसाव्या शतकांत मिशनच्या शाळा व साहेबांचीं घरें यांच्या मार्गानें ती महाराष्ट्रांतील मध्यमवर्गांत शिरली. राहूच्या बेटापासून थोड्याच अंतरावर केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांतील निराधार मुलींना आसरा दिला. त्यांच्या मुक्ति सदनांत लिहिण्यावाचण्याबरोबर शिवण, मागकाम, छपाई असे हातउद्योग शिकविले जात. मुलीच्या हाताला कसब असावें व त्या कसबाला मोल असावें, हा विचार या मुलुखाला त्या संस्थेमुळें जवळून पाहावयास मिळाला.

शहरांतल्या विणकामाचें वळण मात्र निराळें पडलें. तें मिळकतीसाठीं नव्हे, मायेसाठीं होऊं लागलें. बाळंतविड्यांत टोपडें आणि मोजे, थोरल्याला बंडी, यजमानांना गळपट्टा. एकीनें घातलेला नमुना दुसरी टाके मोजून उतरवून घेई, आणि एखादी अवघड वीण आईकडून मुलीकडे दागिन्यासारखी जाई. यांतहि तासांचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. माळावरची कांतणारी आणि माडीवरची विणणारी यांची गांठ कधीं पडली नाहीं. पण दोघींचें काम घरकामांतच जमा झालें, एवढें साम्य दोघींत होतें. माडीवर येणारी लोंकर परदेशी मेंढीची, गिरणींत कांतलेली. पुढें तीहि मागें पडली. आज दुकानांत ‘लोंकर’ म्हणून जो रंगीत गुंडा मिळतो तो पुष्कळदां मेंढीचा नसतोच. तो ॲक्रिलिकचा, म्हणजे खनिज तेलापासून केलेला असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यांत धरून जाळावा. केंस जळल्याची घाण आली आणि मागें चुरा होणारी राख राहिली तर लोंकर; वितळून कठीण मणी झाला तर ॲक्रिलिक.

घोंगडीच्या सांखळीचे दुवे एकाच वेळीं निखळले नाहींत. प्रथम गिरणीचीं कांबळीं आणि सुती चादरी आल्या. मग रबराचे व मेणकापडाचे रेनकोट. मग प्लॅस्टिकचा कागद, जो शेतकरी आज पावसांत डोक्यावर घेतो. राठ लोंकरीला गालिच्याच्या कारखान्यांत कांहीं काळ गिऱ्हाइक होतें, पण १९९० नंतरच्या दशकांत न्यूझीलंडसारख्या देशांची स्वच्छ, एकसारखी लोंकर मोठ्या प्रमाणावर येऊं लागली आणि तें गिऱ्हाइकहि गेलें. इकडे मटणाचा भाव चढत गेला. मेंढपाळानें हिशेब केला आणि जत तालुक्यांतील माडग्याळची उंच, लवकर वाढणारी, अंगावर लोंकर जवळजवळ नसलेली मेंढी पसंत केली. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गरोल मेंढीचा गुण दख्खनीमध्यें उतरवून जुळीं देणारी ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली; ती मोलाची कामगिरी आहे, पण तिचाहि रोख कोंकरांकडे आहे, लोंकरीकडे नाहीं. यांत मेंढपाळाला दोष देतां येणार नाहीं. ज्या मालाची किंमत कातरणाऱ्याच्या मजुरीहून कमी, तो माल कोण जपणार? आज कित्येक ठिकाणीं लोंकर कातरतात ती केवळ मेंढीला उन्हाचा व गोचिडांचा त्रास होऊं नये म्हणून, आणि कातरलेली लोंकर बांधावर टाकून देतात.

चराईचाहि प्रश्न आहे. पाऊस संपला कीं पूर्व पुण्यांतील आणि साताऱ्याकडील वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरून कोंकणांत जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पुरुष कळपापुढें, बायका पोराबाळांसह घोड्यांबरोबर. रोज नवें ठिकाण, रोज नवी चूल. वाटेंतले शेतकरी पूर्वीं मेंढ्या शेतांत बसवून घेत आणि त्याबद्दल धान्य देत. लेंडीखताचा तो सौदा अजून कांहीं ठिकाणीं चालतो. पण माळ कमी झाले, ऊस वाढला, आणि उसांत बिबट्यानें घर केलें. दौंड-शिरूरकडे रात्रीं वाघरींत कोंडलेल्या मेंढ्यांची राखण करणें हें आज पूर्वींच्या लांडग्यांच्या दिवसांइतकेंच जोखमीचें झालें आहे.

तरीहि मेंढ्या आहेत, आणि माग बसलेला असला तरी तो जोडून देणारे हात कांहीं गांवांत अजून आहेत. रहाटावरची बाई मात्र दिसेनाशी झाली. तिच्या सुनेला शाळेचें वळण लागलें, शेतमजुरीचा रोख पैसा दिसला, आणि फुकटचें कांतण तिनें नाकारलें. तिनें तें नाकारावें यांत वावगें काय आहे? घोंगडी पुन्हा उभी करूं पाहणाऱ्या कांहीं संस्थांनीं आणि कारागिरांनीं हल्लीं तिची मजुरी सुताच्या वजनावर आधीं ठरविण्यास सुरुवात केली आहे, आणि मग घोंगडीचा भाव बांधला आहे. अशी घोंगडी यंत्राच्या कांबळ्याहून कितीतरी महाग पडते. घेणारा कुरकुरतो, पण आजीच्या काळची किंमत ही खरी किंमत नव्हतीच. राठ लोंकरीला साजेसे दुसरे जिन्नसहि होऊं लागले आहेत. जाजमें, पायपुसणीं, पिशव्या, जमवून केलेले जाड नमदे. जाड सुया घेऊन राठ सुताच्या टोपल्या आणि आसनें विणतां येतात. तेथें फांसा सैल असला तरी चालतो आणि कातडीला टोंचण्याचा प्रश्न नसतो. सुयांची आणि दख्खनी लोंकरीची पहिली खरी भेट कदाचित् अशी होईल.

ज्या घरांत जुनी घोंगडी माळ्यावर पडून आहे त्यांनीं ती खालीं काढावी. नवी घोंगडी कडक असते ती खळीमुळें. वापरानें खळ झडते व ती मऊ होत जाते, म्हणून ठेवणींतली घोंगडी वापरांतल्या घोंगडीहून राठ लागते. तिला ऊन पाण्यांत कधीं धुऊं नये, आणि चोळूं तर मुळींच नये. ऊन आणि घर्षण मिळालें कीं तंतूंचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतें. थंड पाण्यांत रिठ्याच्या फेंसांत बुडवावी, न पिळतां सावलींत आडवी वाळवावी. पावसाळा संपला कीं दोन दिवस कडक उन्हांत घालावी व काठीनें झोडपावी, कारण कसर लागते ती अंधारांत पडून राहिलेल्या लोंकरीला. घडींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. भोंक पडलेंच तर कांठाच्या शेवटीं राहिलेलीं सुतें काढून त्यांनींच रफू करावें. बाजारचा धागा तेथें दोन महिन्यांत सुटून येतो. या कामाला विणकामाची सुई चालत नाहीं, दाभण लागतें. आधीं उभें सूत भरून घ्यावें, मग आडवें, एक वरून एक खालून. म्हणजे मागावर जसें विणलें होतें तसेंच.